कार्डावरचे ठिपके

भूगोलाच्या बाईंच्या बहिणीने पिशवीतून बूट काढला आणि काउंटरवर ठेवला. उजव्या पायाचा, तपकिरी, तीन आठवड्यांपूर्वी याच दुकानातून गेलेला. आत करंगळीच्या जागी अस्तर काळं पडून कडक झालं होतं. ते रक्त आहे हे मालकिणीच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. बहीण आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. बाईंना काही कळलंच नाही, मोजा पायाला चिकटला तेव्हा जखम दिसली, करंगळी राहते की जाते ते डॉक्टर आठवड्याने सांगणार आहेत, एवढं बोलून ती निघून गेली. बूट तिथेच राहिला.

मालकिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काही चारचौघांच्या बुटांचं दुकान नव्हतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाचे पाय मधुमेहाने बधिर झालेले. अशा माणसांसाठी तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं बूट बनवले आणि एकाच्याही पायाला कधी फोड येऊ दिला नाही. ते गेले, दुकान तिच्याकडे आलं, आणि तिने सगळ्यांत आधी त्यांची चौदाशे पुठ्ठ्याची कार्डं कॉम्प्युटरवर चढवून घेतली. हे काम करणारा प्रोग्रॅमर असा की त्याला वेळ विचारली तरी करारातलं कलम सांगेल. तिने त्याचं नाव कलमबहाद्दर ठेवलं होतं. आता या माणसाने मापात घोळ घातला होता, आणि त्याला ती सोडणार नव्हती.

बूट आणि छापील मापपत्र घेऊन ती मागच्या खोलीत काकांकडे गेली. काका म्हणजे वडिलांच्या बरोबरीने तीस वर्षं चामडं कापणारे कारागीर. त्यांनी पट्टी लावून बूट आतून बाहेरून मोजला. माप केसभरही चुकलेलं नव्हतं. मग त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"ठिपका कुठंय?" त्यांनी विचारलं.

कार्डावर पायाची आकृती असायची, आणि तिच्यावर पेन्सिलीचे ठिपके. वडील बोलता बोलता पेन्सिल आपटतात, त्याच्या त्या खुणा, असं ती कायम समजत आली होती. काकांनी चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं. वडील गिऱ्हाइकाला आतल्या खोलीत नेत, डोळे मिटायला लावत आणि एका पिसाने पायाला जागोजागी स्पर्श करत. जिथे माणूस "हो, लागलं" म्हणायचा नाही, तिथे ठिपका. ठिपका म्हणजे इथे या माणसाला काही कळत नाही. तिथे शिवण घ्यायची नाही, आतून मऊ लोकर लावायची. बाईंच्या करंगळीवर असा एक ठिपका होता, हे आता बूट पाहून काकांना पक्कं आठवलं.

"मग मला सांगितलं का नाही?"

"विचारलं होतं की गं. पहिला छापील कागद आला तेव्हाच. तू म्हणालीस, कागदावर आहे तेवढंच करा."

हे ती म्हणाली होती. अगदी याच शब्दांत. पण राग एकदा पेटला की तो आधी दुसऱ्याचं घर शोधतो. तिने मनात हिशेब मांडला: नवे कागद आल्यापासून एकसष्ट जोड गेले होते. त्यातले कोण कुठे बधिर आहे ते आता कुणालाच माहीत नव्हतं, खुद्द त्या माणसांनासुद्धा. मूळ कार्डं तिने स्वतः लगद्याच्या कारखान्यात पाठवली होती, अडगळ नको म्हणून. राहिले फक्त प्रोग्रॅमरकडचे कार्डांचे फोटो. तिने त्याला फोन केला, ठिपक्यांवरून आणि बाईंच्या जखमेवरून फैलावर घेतलं, आणि "तासाभरात येतेय" म्हणून ठेवून दिला. वाटेत वकील मावसभावाला गाठलं. तो करार वाचून घसा खाकरत म्हणाला, "ताई, भांड, पण जपून भांड. यात तू त्याच्यापेक्षा जास्त अडकलेली आहेस."

प्रोग्रॅमरच्या ऑफिसात एक टेबल, दोन स्क्रीन आणि सुकलेल्या झाडाची एक कुंडी होती. तिने तो बूट त्याच्या कीबोर्डवर ठेवला. तोंडाला येईल ते बोलली. डोळ्यांसमोर चौदाशे कार्डांवर ठिपके होते, एकदाही विचारावंसं वाटलं नाही का, म्हणाली. यंत्रालासुद्धा लाज वाटली असती, म्हणाली. तो बुटाकडे न पाहता ऐकत राहिला आणि मग त्याने एक ईमेल उघडून स्क्रीन तिच्याकडे वळवली.

त्याने विचारलं होतं. आकृतीवरचे ठिपके घ्यायचे का? खाली तिचं उत्तर होतं: ठिपके सोडून द्या, बाबांची खोड होती ती.

तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, ते जाऊ दे, फोटो दे. त्यावर त्याने हात झटकले. कलम नऊ: काम ताब्यात दिल्यावर कार्डांची एकही प्रत ठेवायची नाही, ठेवली तर दावा. हे कलम तिनेच आग्रहाने घालून घेतलं होतं, गिऱ्हाइकांच्या आजाराचा बभ्रा नको म्हणून. कलमाप्रमाणे त्याने सगळं पुसलं होतं.

"पुसलं," ती दातओठ खात म्हणाली. "एक ठिपका. त्या एका ठिपक्यापायी बाईंचं बोट चाललंय, आणि तू मला कलमं वाचून दाखव."

"एक नाही, दोन," तो म्हणाला.

चुकीचा आकडा त्याला सहन व्हायचा नाही, स्वभावच तसा. बोलून गेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती हळूच खुर्चीत बसली.

"मघाशी पाहिलंस बाईंचं कार्ड. माझा फोन आल्यावर. म्हणजे पुसलेलं नाही."

मग त्याने प्रिंटरमधला कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. कलम नऊखाली दावा करणार नाही, आणि ठिपके वगळायची सूचना माझी होती, असं लिहून द्या, म्हणाला. त्याशिवाय फाइल उघडणार नाही. मलाही घर आहे.

कुणाच्या तरी पायाचा असा सौदा करणाऱ्याच्या कानाखाली आवाज काढावा असं तिला इतकं वाटलं की तिने हात मांडीखाली दाबून धरला. बाईंच्या बहिणीपुढे, डॉक्टरांपुढे, काकांपुढे, सगळीकडे तिला या माणसाकडे बोट दाखवता आलं असतं. या कागदाने तेही जाणार होतं. पण एकसष्ट जोड बाहेर चालत होते. तिने पेन उचललं आणि लिहिलं. सूचना माझी होती. हे लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. तरी तिने खाली सही केली.

त्याने फाइल उघडली. पहिलंच कार्ड बाईंचं होतं, वडिलांच्या तिरक्या अक्षरात. उजव्या पायाच्या करंगळीवर ठिपका. आणि दुसरा ठिपका डाव्या पायाच्या टाचेवर, पेन्सिल दाबून, दोनदा गिरवलेला.

बहिणीने एकच बूट आणला होता.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. बाई कुठे आहेत, विचारलं. बहीण थंडपणे म्हणाली, आहे घरातच, बँडेज बांधून लंगडत फिरतेय. एका पायात तुमचाच बूट आहे, दुसरं काही चढत नाही.

"डाव्या पायातला बूट काढा. आत्ताच्या आत्ता. चूक माझी आहे, सगळं सांगते, आधी बूट काढा."

"अहो, डाव्याचं काही नाही. तो दुखत नाही तिचा."

"म्हणूनच काढा," मालकीण म्हणाली.