तेलकट पाण्याची बाटली

मी काचेची बाटली बोलतेय. सध्या मुंबईतल्या एका सरकारी कपाटात आहे. तोंडाला लाखेचं सील. पण माझं घर म्हणाल तर जळकोट गावातलं.

शांताक्कांनी मला शेंगाचटणीनं भरून लेकाच्या, श्रीशैलच्या, बॅगेत ठेवलं. तो मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. चटणी लवकरच संपली.

इंजिनखोलीतलं तेलकट पाणी यंत्रातून गाळूनच समुद्रात सोडायचं, असा कायदा आहे. तिथलं यंत्र बंद होतं. वरिष्ठांनी चोरून एक पाईप जोडला आणि ते पाणी तसंच समुद्रात सोडू लागले. एकदा श्रीशैलनं मला त्या पाईपाखाली धरलं. भरल्यावर झाकण घट्ट लावलं. ते कुणीतरी पाहिलं.

गावी आल्यावर त्यानं सरकारी जहाज-कार्यालयात फोनवर तक्रार केली.

"पुरावा घेऊन सोमवारी या," तिथले साहेब म्हणाले. "नाहीतर 'नियमभंग आढळला नाही' असाच अहवाल वर जाईल."

इकडं शांताक्कांनी मला घासायला घेतलं. झाकण फिरवलंच होतं, तेवढ्यात श्रीशैल ओरडला, "अव्वा, थांब!" मग त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी झाकण पुन्हा घट्ट केलं. मला फळीवर डब्यांमागं ठेवलं.

श्रीशैल एसटीची चौकशी करायला गेला आणि दारात गाडी थांबली. त्याला जहाजावर पाठवणाऱ्या एजन्सीचा माणूस होता.

"मावशी, पोरानं आणलेली बाटली द्या. पुढचं जहाज तयार आहे त्याच्यासाठी."

"न्हाय दिली तर?"

"मग कुठलंच जहाज न्हाय."

बोलता बोलता त्याची नजर फळीवरून फिरत होती. एक डबा सरकवला असता, तर मी दिसले असते.

"ती बाटली व्हय?" शांताक्का म्हणाल्या. "लई वास मारत होती. मोरीत वतली अन् घासून ठेवली." आणि त्यांनी दुसरीच, स्वच्छ बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती हुंगली, उजेडात धरली आणि घेऊन गेला. शांताक्कांनी दाराला कडी घातली.

श्रीशैल आला. ऐकून म्हणाला, "अव्वा, जहाज गेलं गं माझं."

"जाऊ दे. तू नीघ."

सोमवारी मुंबईच्या त्या कार्यालयात मला सील लागलं. पुढच्या बंदरात जहाजाची तपासणी झाली, पाईप सापडला. अहवालात ओळ आली: 'नियमभंग आढळला. कारवाई सुरू.'

श्रीशैलला खरंच पुन्हा जहाज मिळालं नाही. हायवेवरच्या गॅरेजात तो इंजिनं खोलतो. कंपनी म्हणते, माझ्यातलं पाणी त्यानं घरीच कालवलंय. सुनावणी व्हायची आहे.

साहेब, तुमची बदली झाली तरी नव्या माणसाला सांगून जा. सुनावणी होईपर्यंत माझं सील कुणाला उकरू देऊ नका.