एकाच दाराशी

रंगराव ओतारी झोपले की खोली लांबायची. पलंगापासून दार एरवी चार पावलांवर. पण दुपारी जेवून त्यांचा डोळा लागला, की ते अंतर शेताएवढं व्हायचं. अक्काताई आधी उठून नवऱ्याला उठवायला चहा घेऊन निघत, तर पोचेपर्यंत चहा गार. मग पुटपुटत माघारी फिरायचं, पुन्हा गरम करायचा.

त्या लांबलेल्या खोलीतून रंगरावांवर गवा चालून यायचा. दार फोडून आत येई, आणि रंगराव त्याला लाथाबुक्क्यांनी मागे रेटत. मार बसे तो शेजारी झोपलेल्या अक्काताईंना. जाग आली की रंगराव ओशाळून विचारत, "लागलं काय गं?" पलंगाखाली खुरांचा चिखल पडलेला असे. अक्काताई फडकं घेऊन तो पुसून काढत.

अक्काताईंची झोप निराळीच. त्यांच्या अंगावर कुणी येत नसे. बाहेर उन्हात कुणीतरी तहानलेलं उभं आहे, दार उघडायला पाहिजे, एवढंच त्यांचं स्वप्न. पण ते पडलं की त्या झोपेतच उठून चालू लागत. एकदा थेट घरामागच्या परड्यातल्या विहिरीच्या काठावर पोचल्या होत्या. रंगरावांनी दंडाला धरून आणलं म्हणून वाचल्या.

डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत झोपायला सांगितलं.

"मग हिला विहिरीवरनं कोण आणायचं?" रंगराव म्हणाले.

पण एका दुपारी अक्काताईंचा डोळा काळानिळा झाला, आणि रंगरावांनी पिशवी भरली. "मी गारगोटीला जातो, भावाकडं. एखाद दिवशी माझ्याच हातनं मरशील."

"आणि मी विहिरीत पडू व्हय?" अक्काताईंनी पिशवी हिसकावून घेतली. नवऱ्याच्या माराची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती रिकाम्या पलंगाची.

त्यांनीच तोड काढली: दोघांनी गाठ बांधून झोपायचं, म्हणजे एक उठला की दुसऱ्याला जाग येईल. सत्यनारायणाला नेसलेला शालू आणि रंगरावांचं उपरणं ट्रंकेतून बाहेर निघालं. गाठ बांधायचा मान नणंदेचा, म्हणून हौसाबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी सुपारी, हळकुंड, अक्षता घालून पदराला उपरणं करकचून बांधलं, भावजयीची थट्टा केली, खण घेतला आणि दुपारची एसटी गाठली. जिनं बांधली तिनंच गाठ सोडायची असते, हे एसटी गेल्यावर दोघांच्या ध्यानात आलं. आता काय करणार? दोघं तशीच आडवी झाली.

खोली लांबली. या वेळी अक्काताईही त्या लांबीत चालत होत्या. वाटेत गवत होतं, शहाबादी फरशीतून उगवलेलं. पुढे रंगराव मुठी आवळून धावत होते, आणि गाठीमुळे अक्काताई त्यांच्यामागे ओढल्या जात होत्या. शेवटी दार आलं. ते अक्काताईंच्या स्वप्नातलंच दार होतं. तीच कडी, तोच उन्हाचा पट्टा उंबऱ्यावर.

दारापलीकडे कुणीतरी जड श्वास घेत होतं.

अक्काताईंचा हात सवयीने कडीवर गेला. रंगरावांची मूठ वर उठली आणि तशीच राहिली.

"रोज तू उघडतीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"तहानलंय वो ते."

"गवा हाय तो. मारंल आपल्याला."

"तुमी मला मारा हवं तर," अक्काताई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "पर गारगोटीला जाऊ नगा."

दाराखालच्या फटीतून एक खरखरीत, ओली जीभ आत आली. उंबऱ्यावर लोळणाऱ्या गाठीतल्या अक्षता ती शांतपणे चाटू लागली. मग गाठच हळूहळू फटीतून बाहेर ओढली जाऊ लागली. शालू ताणला गेला, उपरणं ताणलं गेलं, आणि दोघं दाराला चिकटली. रंगरावांनी मूठ उघडली आणि तो हात अक्काताईंच्या हातावर ठेवला. कडी वर सरकू लागली, आणि ती कोण सरकवतंय हे दोघांनाही कळेना.