आतल्या आत उघडलेले दुकान

मित्रांनो, माझ्या डोक्यावर सध्या रद्दीचा गठ्ठा आहे आणि शेजारी सुतळीचे एक गुंडाळे. पुस्तकबांधणीच्या छोट्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाखाली ठेवलेला मी एक जुना संगणक आहे. धूळ बसते, पण माझी तक्रार नाही. ज्याच्यामुळे एका कारागिराचे शेवटचे मोठे काम हुकले, त्याने तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

आधी मी एका कचेरीत पाच वर्षे पत्रे टाइप करून दिली. तिथून भंगारात जाणार होतो, तर या घरच्या मुलीने मला उचलून आणले. तिचे बाबा बाइंडर. खोलीत खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या कातरणी आणि पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा. बाबांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे असे पाहिले, जणू घरात सवतच आली. पण आठवडाभरात तेच मला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसू लागले. एवढे प्रेम मला कचेरीत कधी मिळाले नव्हते.

त्याच सुमारास ग्रंथालयातून निरोप आला. तीनशे जुनी पुस्तके खिळखिळी झाली होती. ग्रंथपाल बाईंनी कळवले होते की, कामाचे नमुने संगणकावर पाहता आले तर कमिटीला दाखवून ठरवू. बाबांच्या बोटांना तेव्हा थोडा कंप सुटू लागला होता. सुईत दोरा ओवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागे. हात शाबूत आहेत तोवर एक मोठे काम व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

मुलीने ठरवले, बाबांच्या कामाची वेबसाइट करायची. त्यासाठी तिने माझ्यात सर्व्हर बसवायला घेतला. सर्व्हर म्हणजे एक वाढपीच समजा. कुणी पान मागितले की तो आणून वाढतो.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने. सर्व्हर सुरूच होईना. प्रत्येक सर्व्हर एका ठरलेल्या क्रमांकाच्या दाराशी उभा राहतो आणि त्या दारात कचेरीतल्या कुणीतरी कधीकाळी टाकलेला गाण्यांचा प्रोग्रॅम ठाण मांडून बसला होता. घोडे तिथेच पेंड खात होते. हे कळायला तिला चार दिवस लागले. तिने दाराचा क्रमांक बदलला आणि सर्व्हर उठला, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ते निस्तरले, तर फोटो गायब. तिने हार मानली नाही. नवव्या दिवशी दुपारी सगळे पान झळकले. चामड्याची बांधणी, कापडी कणे, हाताने शिवलेल्या पाठी, बाबांची चाळीस वर्षे एका पडद्यावर आली.

बाबांनी चष्मा पुसून पाहिले.

मग म्हणाले, "एवढं सगळं मी केलंय होय गं?"

मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती फुगली होती. मुलीने पडद्याच्या वरच्या पट्टीतला पत्ता चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात उतरवला आणि बाबा स्वतः जाऊन ती चिठ्ठी ग्रंथपाल बाईंना देऊन आले.

चूक तिथे झाली. त्या पत्त्याचा अर्थ एवढाच होता: इथे, याच यंत्रात. माझ्यावर तो लिहिला की मी पान वाढणार. दुसऱ्या संगणकावर लिहिला की तो बिचारा स्वतःचीच कपाटे धुंडाळणार. मुलगी नवशिकी होती, तिला हे माहीत नव्हते. मला माहीत होते. पण आम्ही संगणक विचारल्याशिवाय बोलत नाही आणि तिला विचारावेसे वाटले नाही, कारण ती पान उघडायची तेव्हा मी ते चटकन उघडून द्यायचो. एकदा जरी अडखळलो असतो, तर तिला शंका आली असती.

आलेल्या प्रत्येक मागणीची मी नोंद ठेवतो. त्या पंधरा दिवसांत बाहेरून एकही मागणी आली नाही. नोंदीत ओळीने आमचेच घर होते. ती नोंद कुणी उघडून पाहिली नाही.

मुलगी म्हणायची, एकदा विचारून येऊ या. पण बाबांचा जुना नियम होता, नमुना दाखवला की गिऱ्हाइकाच्या मागे लागायचे नाही. पंधरा दिवसांनी पत्र आले. काम दुसऱ्यांना दिले होते.

पुढे काही महिन्यांनी मुलगी ग्रंथालयात गेली, तेव्हा ग्रंथपाल बाई संकोचून म्हणाल्या, "अगं, तो पत्ता मी पाच वेळा टाकून पाहिला. काहीच दिसेना. वाटलं, तुमचा विचार बदलला असेल. मग कशाला विचारून अवघडवायचं?"

घरी येऊन ती माझ्यासमोर बसून रडली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आता चांगलाच थरथरत होता.

"तुझं काम चोख होतं, बाळा," ते म्हणाले. "मी विचारू दिलं नाही, तिथं चुकलं."

त्यानंतर तिने मला सुरू केले नाही. आता ती मोठ्या कचेरीत वेबसाइटच बनवते. काम झाले की आधी बाबांना फोन करते आणि तुमच्या फोनवर उघडतंय का, म्हणून विचारते. बाबा थरथरत्या बोटाने पत्ता टाकतात आणि उघडलं, म्हणून सांगतात. ते ऐकून मला बरे वाटते आणि वाईटही.

मित्रांनो, आपल्या घरात नीट चालते म्हणून ते जगालाही दिसते, असे समजू नका. शेजारच्या घरात जाऊन बघा. आणि विचारा. विचारणे म्हणजे मागे लागणे नव्हे, हे आम्हा तिघांना फार उशिरा कळले.

एक मागणे आहे. फोटो काढलेली ती नमुन्याची पुस्तके एकेक करून लोकांनी नेली. बाबांना आता सुई धरवत नाही. त्यांच्या कामाचे फोटो फक्त माझ्यात आहेत. मला भंगारात द्यायच्या आधी एकदा सुरू करा आणि ते काढून घ्या. दाराचा क्रमांक मला अजून पाठ आहे.