उजवा दिवा, डावं वळण

"मॅड्रिन दिसली मला. पेट्रोलपंपासमोरच्या सर्कलवर," मी पबमध्ये सांगितलं, तशी आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबची सगळी मंडळी ग्लास हातात धरून माझ्याकडे वळली.

मॅड्रिन म्हणजे आमच्या खोऱ्यातली गाडी. लोकरीच्या बंद गिरणीत सत्तरच्या सुमारास बनायची. फायबरचं अंग, घसरगुंडीसारखं नाक, आणि मागची काच अशी की कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी उचलून बसवलीय. थोड्याच बनल्या. वेल्सबाहेर कुणाला नावही ठाऊक नाही.

गेथिन हसला. तो माझा दीर, क्लबचा अध्यक्ष. "एनिड, शेवटची मॅड्रिन कधीच भंगारात गेली."

"आमचीच होती ती. मी आणि तुझ्या भावानं, इद्रिसनं जोडलेली. डावीकडे वळली, आणि उजवा दिवा लुकलुकत होता."

मग तर हशाच उसळला. "घ्या! हिला आता डावं-उजवंही कळेना!"

गेथिननं आवाज मऊ केला. त्या आवाजाची मला जास्त चीड आली. "शनिवारच्या मेळाव्यात नावं पुकारायचा माइक आपल्या ओवेनच्या हाती देऊ या का? तू आपली खुर्चीत बस. या वयात डोळे दमतात."

आमच्या वार्षिक मेळाव्यात फाटकाशी उभं राहून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचं नाव मी पुकारते. गाडी वळणावर दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून ओळखते. इद्रिस गेल्यावर तेवढं एकच काम माझं उरलं होतं.

"डोळे माझे आहेत, गेथिन. दमले की मीच सांगेन."

त्याला तरी काय ठाऊक असणार! आम्ही गाडी जोडली तेव्हा तो बोटीवर नोकरीला होता. त्या काळी तयार गाडीवर कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. पण सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना द्यायला बंदी होती. मग कारखाना गाडी 'खोलण्याच्या' सूचना द्यायचा, आणि आपण त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या. मी मोठ्यानं वाचायची, इद्रिस खाली पडून जोडायचा. एका पानावर मी सवयीनं वरून वाचत गेले. झालं, दिशेच्या दिव्यांच्या तारा उलट्या बसल्या. स्टिअरिंगजवळची दांडी डावीकडे ढकलली की उजवा दिवा लागायचा. इद्रिस म्हणाला, "राहू दे. आपण उलटी ढकलू." आणि विकेपर्यंत आम्ही तेच केलं.

दुसऱ्या दिवसापासून मी सर्कलजवळच्या बाकावर जाऊन बसले. थर्मासमध्ये चहा, डब्यात लोणी लावलेला मनुकांचा पाव. क्लबमधले येता-जाता हॉर्न वाजवायचे. "काय एनिड, आज उडती तबकडी दिसली का?"

"दिसली की! तूच चालवत होतास, वाकडीतिकडी!"

शुक्रवारी तो आवाज आला. खोकल्यासारखा, मग गुरगुरल्यासारखा. संत्र्याच्या रंगाची मॅड्रिन सर्कलमध्ये शिरली आणि उजवा दिवा लुकलुकत डावीकडे वळली. मी छत्री उगारून सरळ रस्त्यात उभी राहिले.

करकचून ब्रेक लागला. आतून एक तरुण मुलगी ओरडली, "मरायचंय का तुम्हाला?"

"आधी तू दिवा नीट दाखव!"

"अहो, तो मेला उलटाच लागतो! काकांच्या गोठ्यात पडून होती गाडी. गॅरेजवाला म्हणतो, सगळ्या तारा उचकटाव्या लागतील."

"हात लावू देऊ नकोस त्याला. त्या तारा माझ्या आहेत."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं बाजूचं दार उघडलं. कॅरिस तिचं नाव. चहा पिऊन होईपर्यंत आमचं ठरलं.

शनिवारी फाटकाशी ओवेन माइक घेऊन उभा होता, शेजारी गेथिन. मी मॅड्रिनमध्ये कॅरिसच्या शेजारी. वळणाआडून आमचा आवाज ऐकून ओवेन माइकवर गोंधळला. "ही... लोटस गाडी असावी?"

"कॅरिस, डावीकडे आत घे," मी म्हणाले. "आणि आज दांडीही डावीकडेच ढकल."

उजवा दिवा लुकलुकवत आम्ही डावीकडे फाटकात शिरलो. गेथिन त्या दिव्याकडे बघत होता, मग माझ्याकडे.

"एनिड, अगं..."

"नंतर बोल. मागे गाड्या खोळंबल्यात."

खिडकीतून हात काढून मी ओवेनकडून माइक घेतला आणि पहिलं नाव आमच्याच गाडीचं पुकारलं.