दोन कारभारी आणि मी एकटा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मानवत गावात मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, मन्मथअप्पांचे लग्नपत्रिका छापण्याचे दुकान आहे. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझे सुटे भाग परभणीत जोडले गेले. अप्पांनी मला दुकानात आणले तेव्हा हार घातला, विभूती लावली. केवढा माझा तोरा होता तेव्हा! पत्रिका राहिली बाजूला, लोक नुसते मला बघायला येत.

मग अप्पांची सून शिवरंजनी घरात आली आणि माझी शांतता संपली. पूर्णा गावची ही मुलगी प्रोग्रामिंग शिकलेली. अप्पांचे पत्रिकांचे काम विंडोजवर चाले आणि तिला हवे होते लिनक्स. हे दोघे म्हणजे माझा सगळा कारभार चालवणाऱ्या प्रणाली, माझे कारभारीच म्हणा. तिने माझ्या डिस्कचे दोन भाग केले. एकात विंडोज राहिले, दुसऱ्यात लिनक्स आले. एका म्यानात दोन तलवारी!

तेव्हापासून चालू होताच मला विचारावे लागे, 'कोणते उघडू?' अप्पांना चष्मा सापडायच्या आतच माझी थांबायची वेळ संपायची आणि मी आपणच लिनक्स उघडायचो.

"आता हे काय उघडलं? माझ्या पत्रिका कुठं गेल्या?" म्हणत अप्पा माझ्या डोक्यावर थापट मारायचे.

घड्याळाचे तर विचारूच नका. दोन्ही कारभाऱ्यांची वेळ धरण्याची रीत वेगळी. लिनक्सनंतर विंडोज उघडले, की घड्याळ साडेपाच तास मागे! भर दुपारी मी सकाळ दाखवायचो. "म्हातारचळ लागलाय ह्याला," अप्पा म्हणायचे. भांडण त्या दोघांचे आणि बोलणी मला!

लग्नसराईत एके दिवशी अप्पांचा भाग गच्च भरला. शिवरंजनी माहेरी गेली होती. जागा शोधता शोधता अप्पा लिनक्सच्या भागापाशी पोचले. विंडोजला तो भाग वाचता येत नाही, म्हणून तिथे ना नाव दिसत होते, ना काही.

"एवढी जागा उगंच रिकामी पडलीय की!"

'हा भाग पुसायचा का?' मी विचारले. पण माझा प्रश्न इंग्रजीत. अप्पांनी सवयीने 'होय' दाबले. मित्रांनो, वैतागावे तरी किती! मला ओरडता आले असते, तर अख्खा मोंढा गोळा केला असता.

संध्याकाळी शिवरंजनी परतली आणि माझ्यासमोर बसली. तिला लिनक्स कुठेच दिसेना.

"अप्पा, तुमी काय केलं हितं?"

"रिकामा भाग पुसला. का गं?"

"रिकामा न्हवता, अप्पा. माझं सगळं काम त्यात होतं. सोमवारी नोकरीसाठी तेच दाखवायचं हाय."

अप्पा खुर्ची ओढून तिच्याजवळ आले. "आता गं?"

"मिळंल कदाचित. पण तोवर ह्याच्यावर नवीन काहीच करायचं न्हाई. नवीन त्या जागेवर बसलं, की जुनं कायमचं जाईल. एक पत्रिकासुदिक न्हाई."

दुसऱ्या दिवशी लेकीच्या लग्नाची पत्रिका करायला कस्तुराबाई आल्या.

"मशीन बंद हाय. समोरच्या दुकानात जावा," अप्पा म्हणाले.

"मशीन तर चालू दिसायलंय की!"

"चालू हाय. पण आज ते सुनेचं हाय."

समोरच्या दुकानदाराशी अप्पांचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते. तरी ऐन हंगामात एकेक गिऱ्हाईक त्यांनी स्वतः तिकडे धाडले. इकडे शिवरंजनीने मला पेन ड्राइव्हवरून चालू केले आणि पुसलेल्यातून सापडेल ते वेचून वेगळ्या डिस्कवर घेतले. फायलींची नावे गेली होती. तिने एकेक उघडून ओळखली. काही सापडल्याच नाहीत, त्या तिने पुन्हा लिहिल्या. सोमवारी अप्पा स्वतः तिला एसटीत बसवून आले. ती नोकरी तिला मिळाली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ एखाद्या दिवशी पुसली नाहीत तरी चालेल. पण एका यंत्रावर दोघांचे काम असेल, तर काहीही पुसण्याआधी दुसऱ्याला हाक मारा. ते तुम्हालाच करावे लागेल. मी फक्त विचारतो, आणि तुम्ही 'होय' म्हणालात की मुकाट्याने ऐकतो.