किल्लीचा भोपळा

अगदी गळ्याशपथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले चार दात आजच पडोत!

पानगळीचे दिवस. पिकं घरात आलेली, गावाला सुट्टी, आणि घरोघरी वर्षातून एकदाचं मोठं जेवण. पण एका घरातल्या थोरल्या सुनेचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. नवरा आणि दीर दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. विहीर एक, पंप एक, शेतं दोन, आणि आधी पाणी कुणाला ह्यावरून रोज हमरीतुमरी. शेवटी म्हातारीनं, म्हणजे तिच्या सासूनं, पंपाच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली सुनेच्या गळ्यात बांधली. "हिच्याकडूनच घ्यायची, हिलाच परत द्यायची. तुम्हा दोघांवर माझा काडीचा भरवसा नाही."

त्यात धाकटा म्हणाला होता, "जेवायला येतो. पण त्या दिवशीही तंटा झाला, तर माझा हिस्सा विकून चालता होईन."

म्हणून तिनं जीव तोडून रांधलं. त्या घरची रीत म्हणजे अख्खा भोपळा. आतून कोरायचा, तांदूळ, मटण, कांदा, मिरी ठासून भरायची, देठाचं झाकण कणकेनं लिंपायचं आणि निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरायचा. मग सगळे जेवायला बसल्यावर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसानंच तो फोडायचा. मध्ये उघडला तर वाफ जाते न् तांदूळ कच्चा राहतो. आणि त्या वर्षीचा भोपळा केवढा? म्हशीच्या रेडकाएवढा! भरताना बाई खांद्यापर्यंत आत गेली होती.

दुपारी वारा सुटला. अंगणभर वाळकी पानं गरगरायला लागली, धूर स्वयंपाकघरात शिरला. डोळे पुसायला तिनं पदर ओढला, तर गळा मोकळा. तुटका दोरा तेवढा हाताला लागला.

तिनं पिठाचा डबा उपसला, कांद्याची सालं चिवडली, कोंबड्यांच्या खुराड्यातही हात घातला. मग खड्ड्याकडे बघितलं. भोपळा भरताना वाकली होती, दोरा तेव्हाच तुटला असणार!

"वहिनी, किल्ली द्या," मागून धाकटा म्हणाला. "वाऱ्यानं नव्या लावणीची रोपं सुकायला लागलीत."

"भाऊजी, हात कणकेचे आहेत. बसा ना जरा."

"हात तर कोरडे दिसतायत."

"मग आता भिजवते!"

तो गेला. दोन मिनिटांत नवरा आला. "अगं, किल्ली दे. त्याच्या आधी मला पाणी सोडू दे."

"जेवण झाल्यावर."

"आताच का नाही?"

ती खड्ड्याकडे गेली, परत दाराशी आली, उकळत्या रश्श्यात उगाच पळी फिरवली. खड्डा उकरावा तर जेवण मातीत, न उकरावा तर घर मातीत.

तेवढ्यात अंगणात आवाज चढले.

"तुझ्या बायकोनं तुलाच दिली असणार, दादा!"

"माझी झडती घे! तूच ढापलीस आणि वर तोंड करून विचारतोस?"

"बस झालं. ए, पोरांच्या चपला शोध," धाकटा आपल्या बायकोवर ओरडला. "निघायचं आपण."

"एकच सापडतेय," आतून जाऊबाई म्हणाली. तिला काही निघायचं नव्हतं.

सून बोलायला पुढे झाली, पण म्हातारी आधीच दारात येऊन उभी. तिनं सुनेच्या गळ्याकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे.

"भांडण जेवणानंतर," ती म्हणाली. "आधी भोपळा आणा. एकट्याच्या बापाला उचलायचा नाही तो. दोघं धरा."

दोघांनी तोंडं फिरवून धरला. "डावीकडे घे." "तू आधी खाली वाक." दोन महिन्यांतलं पहिलं धड बोलणं ते.

सगळे बसले. म्हातारीनं झाकण फोडलं. वाफेबरोबर असा वास सुटला की पोरं गप्प झाली. म्हातारी बराच वेळ पळीनं आत काहीतरी चाचपत होती. मग तिनं थोरल्याला वाढलं, आणि त्याच्या ताटात खण्ण!

सुनेनं डोळे मिटून घेतले.

"निघाली का? बरं झालं," म्हातारी म्हणाली. "मीच टाकायला सांगितली होती हिला. ज्याच्या ताटात किल्ली, त्यानं आधी भावाच्या शेताला पाणी सोडायचं. जुनी रीत आहे घरची."

"मी कधी ऐकली नाही," थोरला म्हणाला.

"तुझ्या जन्माच्या आधीची आहे. खा आता."

धाकट्यानं किल्लीकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि ताट पुढे केलं. "आई, मला खरवड जास्त. दादा, जेवून सावकाश जाऊ. मी पाट फोडतो, तू पंप लाव."

सून स्वयंपाकघरात गेली आणि मीठ आणायच्या निमित्तानं पोटभर रडून आली. किल्लीला दुसऱ्या दिवशी जाडजूड साखळी आली. आणि दर वर्षी भोपळ्यात किल्ली टाकायची रीत पडली ती आजतागायत.

आता शपथ घेतलीय तर एक सांगूनच टाकते, दातांची काळजी आहे मला. भोपळा काही रेडकाएवढा नव्हता. पाण्याच्या घागरीएवढा असेल. एकट्यानं काखेत मारून आणला असता.

पण दोघांनी मिळून आणला, ते मात्र खरं.