पुरवणी प्रश्न

गृहमंत्र्यांनी स्वतः उठून दार लावून घेतलं आणि ताईंसाठी खुर्ची पुढे ओढली. चहा सांगितला नाही, तेव्हाच ताईंनी ओळखलं की प्रकरण अवघड आहे.

"आज तुमचा पुरवणी प्रश्न विचारू नका," मंत्री म्हणाले.

"एवढंच? मला वाटलं, राजीनाम्याचं काही बोलताय."

एरवी ते टोमण्याला टोमणा परत करत. आज त्यांनी टेबलावरची प्रश्नांची यादी ताईंपुढे सरकवली. ताई विरोधी बाकावरच्या. आधी सरकारी इस्पितळात नर्स होत्या, मग लोकांनी निवडून दिलं. सीमेवरच्या चौकीतून चार जवान पळवले गेले होते, त्यातला एक त्यांच्याच गावचा, मास्तरांचा मुलगा. मास्तर म्हणजे बाजारपेठेतले टेलर; ताईंचे नर्सचे गणवेश वर्षानुवर्षं त्यांनीच शिवले होते. सरकारचं छापील उत्तर होतं, "शोध सुरू आहे." त्यावर ताई उठून विचारणार होत्या: ते जिवंत आहेत का, आणि सरकारला ते माहीत आहे का?

"बोलणी चालू आहेत," मंत्री म्हणाले. "मध्ये एक माणूस आहे. पलीकडच्यांची एकच अट आहे, की आमच्याकडून जाहीर अवाक्षर निघता कामा नये. तुम्ही विचारलंत तर मला उभं राहावं लागेल. माहीत नाही म्हटलं तर सभागृहाशी खोटं बोललो. माहीत आहे म्हटलं, तर तिकडे पोरांच्या गळ्याला सुरी लागेल."

"मास्तरांचा मुलगा जिवंत आहे?"

मंत्र्यांनी चष्म्याचं घर उघडलं, मिटलं. "आत्ता काही सांगता येत नाही."

हे वाक्य ताईंनी स्वतः वॉर्डाच्या दाराशी उभं राहून कितीतरी नातेवाइकांना ऐकवलं होतं. डॉक्टर येऊन खरं सांगेपर्यंत वेळ काढायला ते बरं पडायचं. पण त्या सकाळी त्यांना ते आठवलं नाही, किंवा त्यांनी आठवू दिलं नाही.

"आणि हे मी कुणाला बोलायचं नाही."

"कुणालाच नाही. तुमच्या नेत्यांना तर नाहीच. त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता."

सभागृह भरलं होतं. वरच्या गॅलरीत पहिल्या रांगेत मास्तर बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. त्यांची बायको घरीच थांबली होती. फोन आला तर घ्यायला कुणीतरी हवं, असं ती म्हणाली होती.

मंत्र्यांनी छापील उत्तर वाचून दाखवलं. अध्यक्षांनी ताईंकडे मान वळवली. पुढच्या बाकावरून त्यांच्या पक्षाच्या नेत्यांनी आधीच बाक वाजवायला सुरुवात केली.

ताई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महाराज, या उत्तरावर मला काही विचारायचं नाही."

बाक वाजायचे थांबले. मग सत्ताधाऱ्यांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "ताईंना आज बरं नाही वाटतं!" आणि हशा पिकला. नेते घाईघाईनं उठेपर्यंत अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला होता. मंत्री हसले नाहीत. त्यांनी क्षणभर गॅलरीकडे पाहिलं आणि हातातल्या कागदावर नजर वळवली. त्या कागदावर वाचण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"हातातोंडाशी आलेला घास टाकलात," लॉबीत नेते फणफणले. "काय कबूल केलंय त्यांनी तुम्हाला? कुठल्या समितीचं अध्यक्षपद?"

ताई पदर सावरत जवळजवळ पळतच बाहेर आल्या. मास्तर पायऱ्यांवर उभे राहून पास परत करत होते.

"मास्तर," ताई म्हणाल्या आणि थांबल्या.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही."

"विचारणार होतात."

"हो."

गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा कुठे दाटतोय हे पाहावं, तसं मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. ताईंना वाटलं, आता हा माणूस शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जेवलात का?" मास्तरांनी विचारलं. "तोंड उतरलंय तुमचं. बरं, मी निघतो. ती वाट बघत असेल."

गावाला तोंड होतंच. ताई विकल्या गेल्या, असं आधी पानाच्या टपरीवर बोललं गेलं, मग भिंतींवर लिहिलं गेलं. ज्यांच्या बाळंतपणात ताई रात्र रात्र उशाशी बसल्या होत्या, त्या बायकाही भाजी घेताना पाठ वळवू लागल्या. मास्तर मात्र ना ताईंच्या बाजूनं बोलले, ना विरुद्ध. ताईंनी मंत्र्यांना दोनतीनदा फोन केला. दर वेळी साहेब बैठकीत होते.

हंगाम बदलला, आणि एका सकाळी बातमी आली. तिघे जवान सीमेवरच्या पुलावरून चालत अलीकडे आले होते. चौथा पेटीतून आला.

ताई त्याच दालनात जाऊन उभ्या राहिल्या. या वेळी खुर्ची त्यांनी घेतली नाही.

"गोळी चौकीवरच लागली होती," मंत्री म्हणाले. "तिकडे नेल्यावर फार वेळ काढला नाही त्यानं."

"म्हणजे त्या सकाळी तुम्हाला माहीत होतं."

"होतं. उरलेले तिघे तरी यावेत, एवढंच हातात होतं. ताई, मी तुमच्याशी खोटं बोललो नाही."

"नाही. तेवढीही हिंमत केली नाहीत."

मंत्र्यांनी ते ऐकून घेतलं. काही महिन्यांत माणूस बराच वाळला होता. "सोमवारी मी निवेदन करतोय," ते म्हणाले. "तो कधी गेला, ती तारीख विचारा. विचारलीत तर सांगेन, आणि तुम्हाला मीच थांबवलं होतं हेही. तुमच्यावरचा डाग जाईल आणि मी घरी जाईन. मी अडवणार नाही."

ताईंनी नेत्यांना फक्त एवढंच कळवलं की सोमवारी प्रश्न आपण विचारणार. नेते खूश झाले. शनिवारी ताई मास्तरांकडे गेल्या.

मास्तर गल्लीच्या तोंडाशीच उभे होते, जणू त्यांना गाठायलाच.

"आत जाण्याआधी एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला त्या दिवशीच कळलं होतं."

"काय?"

"तुम्ही खाली बसलात, तेव्हा मंत्र्यांनी वर बघितलं. माझ्याकडेच. पोर जिवंत असलेल्या बापाकडे माणूस तसं बघत नाही, ताई."

ताई म्हणाल्या, "मग पायऱ्यांवर मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बाकीच्या तिघांनाही आया आहेत. आणि घरी गेलो, तर ही दारातच. काय म्हणाले म्हणून विचारलं. मी म्हटलं, शोध चालू आहे. त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मग मला सांगवेना. तेवढे दिवस तरी तिचा पोरगा तिला होता. सोमवारी तारीख विचारू नका. पेपरात येईल, आणि ती पेपर अक्षरन् अक्षर वाचते. ते दिवससुद्धा खोटे होते, हे तिला कळायला नको. परत आलेली पोरं भेटून गेली, त्यांनाही मी हेच सांगितलंय."

भिंतीवरची अक्षरं ताईंच्या डोळ्यांपुढून गेली. नेत्यांचा चेहराही.

"नाही विचारणार," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांनाही विचारू देणार नाही."

घरात मास्तरांची बायको पलंगाच्या कडेला बसली होती. ताईंना पाहून उठायला लागली, ताईंनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. मग स्वतःही तिच्याजवळ टेकल्या.

"लोक तुम्हाला काहीबाही बोलतात," ती म्हणाली. "मी कुणाला या घरात बोलू दिलं नाही."

"बोलू दे. लोकांचं काय."

"एक विचारू? तुमची वर ऊठबस आहे, तुम्हाला खरं ते कळतं." ती दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सभागृहात उभ्या राहिलात, त्या दिवशी माझा मुलगा होता ना?"

ताईंनी भल्याभल्या मंत्र्यांना आडवंतिडवं विचारून घाम फोडला होता. उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"होता," त्या म्हणाल्या.

"चांगला होता?"

"चांगला होता. बोलणी चालली होती."

तिनं मान हलवली. दारात मास्तरांनी श्वास सोडलेला ऐकू आला. "पाणी आणतो," असं पुटपुटत ते आत गेले.

माठाचं झाकण वाजलं, तशी ती ताईंकडे सरकली.

"असंच सांगत राहा," ती अगदी हळू म्हणाली. "त्यांच्यासमोर. मला माहीत आहे, हे त्यांना कळू देऊ नका."

ताईंनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"त्या दिवशी घरी आले ते शर्टाची बटणं न काढता तसेच मशीनवर जाऊन बसले. कापड नव्हतं, दोरा नव्हता. नुसतं पायाखाली मशीन चालवत होते, हुंदक्यांचा आवाज मला ऐकू येऊ नये म्हणून. तेव्हापासून रोज." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांना वाटतं, मला जपलं. तेवढ्या आधारावर उभे आहेत हो ते. तो काढून घेतला तर पडतील. म्हणून मीपण जेवत राहिले."

मास्तर दोन पेले घेऊन बाहेर आले. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा ताईंकडे.

"काय म्हणत होती?" त्यांनी विचारलं.

ताईंनी पेला तोंडाला लावला, आणि पाणी संपलं तरी खाली घेतला नाही.